दोन आकडे आणि चार चुली

जागृती मढवी कधी कुणाच्या दाराची बेल वाजवायची नाही. दाराबाहेर उभी राहून ती आत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "अगं बाई, काहीतरी करपतंय वाटतं!" आतली बाई आधी गॅसकडे धावायची, मग दाराकडे. दार उघडलं की जागृती तोंडभर हसायची. "नाही ना करपलं? सुटलात. दोन मिनिटं बोलू?"

या एका वाक्यावर तिने वीस वर्षं सर्व्हे केले होते. कल्याण-डोंबिवलीतल्या बायकांना तिचं पोलिओच्या डोसापासून डासांच्या अळ्यांपर्यंत सगळं विचारून झालं होतं. एका साबणवाल्या कंपनीसाठी तर तिने चारशे पुरुषांना "पाठ कोण चोळतं?" असंही विचारलं होतं. लोक तिला सगळं सांगत. फक्त एक प्रश्न आला की बोलघेवडी माणसंसुद्धा अचानक छताकडे बघू लागत. तो प्रश्न म्हणजे, घरात महिन्याला येतात किती?

आणि या वर्षीचा सर्व्हे नेमका त्याच प्रश्नाचा होता.

प्रशिक्षण कल्याणला एका लग्नाच्या हॉलमध्ये होतं. एजन्सीचा साकेत नावाचा तरुण पुण्याहून आला होता. चांगला मुलगा होता, फळ्यावर चढत्या-उतरत्या रेघा काढायचा आणि चहा आला की स्वतः कप वाटायचा. तो म्हणाला, "प्रत्येक तालुक्याचा मध्यक काढायचाय. म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या घरांना कमाईच्या उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचं, शाळेच्या प्रार्थनेला करतात तसं. रांगेच्या बरोबर मध्ये जे घर येईल, त्याची कमाई ती तालुक्याची."

"मग सरळ सरासरी काढा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"सरासरीत एक बिल्डर शिरला की अख्खी चाळ कागदावर लखपती होते," साकेत म्हणाला. "मध्यकाला बिल्डरचं काही वाटत नाही. तो रांगेच्या टोकाला उभा राहतो, बस."

जागृतीला मध्यक फार आवडला. तिने तिथल्या तिथे हात वर केला. "सर, माझी एक पद्धत आहे. आपल्याकडे प्रत्येक घराला दोन आकडे असतात. एक दाखल्याचा आकडा. तो तहसीलदाराला सांगायचा, म्हणजे मुलाची फी माफ होते. दुसरा सोयरिकीचा आकडा. तो मुलीकडच्यांना सांगायचा. मी दोन्ही काढते आणि मधला धरते. झाला की नाही मध्यक?"

हॉलभर हशा पिकला. साकेतही हसला, पण मान हलवत. "मॅडम, दोन खोट्यांच्या मधोमध तिसरं खोटंच असतं. कमाई किती, असं विचारूच नका. भाडं किती येतं, टेम्पो किती दिवस चालतो, सिलिंडर किती दिवस पुरतो, असं तुकड्यातुकड्याने विचारा. बेरीज टॅब करेल."

जागृतीने करून पाहिलं आणि तिला मानावं लागलं. माणूस बेरजेचं खोटं बेधडक बोलतो, पण सिलिंडरबद्दल खोटं बोलायचं त्याच्या डोक्यातच येत नाही.

मुख्य नियम दोन होते. आपल्या नात्यातलं घर आपण करायचं नाही. आणि ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. दुसऱ्या नियमाची तर सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली.

आता जागृतीचं घर. ठाकुर्लीत, जुन्या गावात, खाडीच्या अंगाला मढव्यांची चार मजल्यांची इमारत होती. एकेकाळी त्यांची मिठागरं होती, भाताची शेतं होती. आता त्या शेतांवर सत्तावीस मजली टॉवर उभे होते आणि त्यांच्या गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावांची नावं इटालियन होती. तळमजल्यावर थोरले दीर गोमाजीदादा आणि भागीरथीवहिनी, पहिल्यावर दुसरे दीर, दुसऱ्यावर जागृती आणि तिचा नवरा प्रितम, तिसऱ्यावर धाकटे. माणसं एकोणीस. आणि सगळ्यांच्या वर सासूबाई, म्हणजे सखुबाई. त्या कुठल्याच मजल्यावर राहत नसत, त्या सगळ्याच मजल्यांवर राहत.

गोमाजीदादांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. नवा माणूस भेटला की ते छाती फुगवून सांगत, "आमचं एकत्र कुटुंब. एकोणीस माणसं, एक चूल." प्रत्यक्षात चारही मजल्यांवर चार गॅस सात वर्षं सुखाने पेटत होते. पण ते घरातलं होतं, बाहेर कशाला सांगायचं?

हेच वाक्य त्यांनी केण्यांनाही ऐकवलं होतं. विठ्ठलवाडीकडच्या रघुशेठ केण्यांची मुलगी हेमाली. गोमाजीदादांच्या हितेशसाठी हे स्थळ आणलं होतं खुद्द जागृतीने, कारण हेमालीची आत्या कल्पिता तिच्याबरोबर सर्व्हेलाच होती. मुलामुलीने एकमेकांना पाहिलं, आवडलं. हितेश तेव्हापासून मोबाईलकडे बघून एकटाच हसायला लागला होता. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. पण आठवडाभर केण्यांकडून निरोप काही येईना, आणि हितेशचं हसू पण आटलं.

"काकी, ती बोलताना मध्येच गप्प होते," तो जिन्यात जागृतीला गाठून म्हणाला. "काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणते. काकी, हे मोडलं ना, तर मी लग्नच करणार नाय. तुलाच बघायचं काय ते."

आणि अशा वेळी टॅबने विभाग वाटले. जागृतीच्या गावाची घरं आली कल्पिताकडे. कल्पिताच्या गावाची आली जागृतीकडे, आणि त्यात रघुशेठ केण्यांचं घर निघालं.

जागृतीने साकेतला फोन लावला. "सर, हे आमचे होणारे व्याही आहेत."

"सुपारी फुटली?"

"नाही अजून."

साकेत म्हणाला, "मग नातं नाही. करा."

केण्यांच्या दारात जागृतीने "करपतंय वाटतं" म्हणायच्या आत दार उघडलं गेलं, सरबत आलं, काजू आले. टॅब बघूनही रघुशेठना ती सर्व्हेवाली वाटेचना. ते तिला मुलाची काकीच समजत होते. त्यामुळे त्यांनी ऐटीत सोयरिकीचा आकडा सांगितला. तो ऐकून जागृतीच्या हातातला काजू खाली पडला.

"बरं," ती म्हणाली. "टेम्पो किती आहेत?"

"तीन."

"तिन्ही चालतात?"

"एक चालतो. एक विकला दिवाळीत. एक..." रघुशेठनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंगणात एका टेम्पोवर काकडीचा वेल चढला होता.

तुकड्यातुकड्याने खरी बेरीज झाली. ती सोयरिकीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली होती, पण खाऊनपिऊन सुखी घराची होती. जागृतीने टॅब बंद केला, आणि बेरीजही तिथेच बंद केली.

घरी पाऊल टाकलं तर सगळं गणगोत तळमजल्यावर वाटच बघत होतं. सखुबाई पाटावर बसून बोंबील निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती हाय त्यांचं?"

"आई, सांगता येत नाही. शपथ आहे."

"सासूला सांगाला शपत? आगो, त्यांच्याकडं जास्त हाय का आमच्याकडं, येवढंच बोल. आकडा नको मना."

"आई, नाही."

"मान हालव नुसती. जास्त आसंल तं आशी, कमी आसंल तं आशी."

जागृतीने मान अजिबात हलू दिली नाही. मानेला उसण भरल्यासारखी ती जिना चढून गेली. त्या दिवसापासून तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर येणारी कालवणाची वाटी बंद झाली. प्रितमने बायकोला बजावलं, "तुझ्या शपथेपायी मी सुकट खातोय."

मग बातमी आली, की रविवारी कल्पिता येणार. सर्व्हेला.

गोमाजीदादांना घाम फुटला. "चार गॅस दिसले तर? मी केण्यांना एक चूल सांगितलंय!"

"दादा, ती सर्व्हेला येतेय, घर बघायला नाही," जागृती म्हणाली.

"बाई तीच ना? डोळे तेच ना?"

रविवारी सकाळी वरच्या तीन मजल्यांचे सिलिंडर गच्चीवर नेऊन ताडपत्रीखाली झाकले गेले. वरची स्वयंपाकघरं कुलपात गेली. चारही सुना तळमजल्याच्या एका ओट्यापुढे उभ्या राहिल्या, आणि पंधरा मिनिटांत दोघींमध्ये खोबऱ्यावरून बोलणं बंद झालं. शेवटी जिचा पदार्थ तिने आदल्या रात्रीच आपापल्या मजल्यावर करून ठेवलाय असं निघालं, आणि जिन्यावरून झाकलेली पातेली लपतछपत खाली येऊ लागली.

आपल्या घराचा सर्व्हे चालू असताना आपण तिथे बसायचं नाही, हाही नियमच होता. म्हणून जागृती जिन्यात बसली. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि कठड्याला गाल लावला तर अर्धं दिसतही होतं.

कल्पिता आली. पाणी प्यायली. टॅब काढला.

आणि टॅब दिसताच घात झाला. गोमाजीदादांनी सकाळपासून सोयरिकीचा आकडा पाठ केला होता. पण तीस वर्षांत सरकारी दिसणारी कुठलीही वस्तू समोर आली की त्यांच्या तोंडातून एकच गोष्ट बाहेर पडायची. कल्पिताने नुसतं "काका, कमाईचं..." एवढं म्हटलं, तोच त्यांचे खांदे पडले, आवाज खोल गेला.

"कमाई कसली ताई? जमीन गेली. शेती गेली. वर्षाला अडुसष्ट हजार. त्यात हे गुडघे."

"बाबा!" हितेश ओरडला.

गोमाजीदादांच्या लक्षात आलं, आपण दाखल्याचा आकडा सांगितला, आणि तोही मुलीच्या आत्याला. "म्हणजे दिवसाला!" ते म्हणाले.

"दिवसाला अडुसष्ट हजार?" कल्पिताने चष्मा वर केला.

"नाही, ते... सणावाराला."

जिन्यात जागृतीने कपाळ गुडघ्यावर टेकलं.

"असू दे काका," कल्पिता शांतपणे म्हणाली. "आपण सुट्टं सुट्टं बघू. एका स्वयंपाकात जेवणारी माणसं किती?"

"एकोणीस!" सगळे एका सुरात म्हणाले.

"सिलिंडर किती दिवस पुरतो?"

भागीरथीवहिनींनी इमानाने सांगितलं, "दीड महिना."

कल्पिताने खोलीभर नजर फिरवली. समोरची सगळी माणसं अंगापिंडाने भरलेली होती, कुणीच उपाशी दिसत नव्हतं.

"बचत करतो आम्ही," गोमाजीदादा क्षीण आवाजात म्हणाले.

कल्पिता मग सखुबाईंकडे वळली. "आजी, काल रात्री तुम्ही काय जेवलात?"

सखुबाई जगात कशाहीबद्दल खोटं बोलल्या असत्या. नवऱ्याच्या वयाबद्दल त्या तहसीलदारासमोर खोटं बोलल्या होत्या. पण मासळीबद्दल? मासळीबद्दल खोटं बोललं तर तोंडाची चव जाते असं त्यांच्या आईने सांगितलं होतं.

"काल? काल तिसऱ्या माल्यावं. धाकटी बोंबील लय झकास करतं."

"आई..." दादा कुजबुजले.

"मना बोलू दे रं. त्याच्या आदी पहिल्या माल्यावं कोलंबी. आन सोमवारी जागृतीकडं. तिला मीठ कलत नाय, पन काय करू, वार तिचा हाय. भात मातर मी रोज हीथंच खातंव, भागीरथीचा. वरच्या तिघींचा भात म्हंजी निस्ता गोला."

वरच्या तिघींपैकी दोघी "आई!" म्हणाल्या. तिसरी जिन्यात असल्यामुळे मनातल्या मनात म्हणाली.

कल्पिता टॅबवर काहीतरी टिपत होती. टिपता टिपता एकदा तिचा खांदा हलला, पण चेहरा सरळच राहिला. "म्हणजे चुली चार," ती म्हणाली. "आजी, तुम्हाला कुठल्या चुलीत लिहू? एकाच ठिकाणी लिहिता येतं."

आता मात्र सखुबाई थांबल्या. चारही सुना त्यांच्याकडे बघत होत्या, एक जिन्यातून. सात वर्षांपूर्वी गॅस वेगळे झाले तेव्हा त्यांनी भांडणतंटा केला नव्हता. त्यांनी फक्त ताट उचललं होतं आणि पाळीपाळीने चारी मजले चढायला सुरुवात केली होती. गुडघे दुखले तरी वार चुकवला नव्हता. चुली चार झाल्या तरी माणसं एकोणीसच आहेत, हे त्या रोज चढून-उतरून सगळ्यांना दाखवत होत्या.

"मना ह्या जिन्यात लिव," त्या म्हणाल्या.

"जिना नाही येत टॅबमध्ये, आजी."

"मग भाताकडं लिव. भात रोजचा हाय."

भागीरथीवहिनींनी पदर डोळ्याला लावला. बाकीच्या तिघींना राग आला, पण फार नाही. भाताबद्दलचं सगळ्यांना माहीतच होतं.

मग प्रत्येक मजल्याचं सुट्टं सुट्टं झालं. चाळीतल्या खोल्यांचं भाडं, टॉवरवाल्याने दिलेल्या गाळ्यांचं भाडं, प्रितमच्या शाळेच्या व्हॅनचं, हितेशचा पगार. खरं ते बाहेर आलं. तोपर्यंत पानं वाढली गेली. कल्पिता पोटभर जेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि लग्नाबद्दल एक अक्षर न बोलता उठली. गोमाजीदादा भिंतीला टेकून बसले. "मोडलं," ते म्हणाले. "एकाच दिवसात खोटारडा पण ठरलो आणि भिकारी पण." हितेश तर गच्चीवर सिलिंडरांशेजारी जाऊन बसला.

जागृती कल्पिताला रिक्षापर्यंत सोडायला निघाली. गल्ली संपली. मग दोघींना एकदमच हसू फुटलं, आणि असं फुटलं की कल्पिताला पानवाल्याच्या टपरीला धरावं लागलं.

"सणावाराला अडुसष्ट हजार!" ती डोळे पुसत म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "आमच्या दादाने काय सांगितलं तुला?"

"मला काय माहीत?" जागृती म्हणाली. "मी सर्व्हेला गेले होते."

"अगं, मी त्याची सख्खी बहीण."

"म्हणून तर मला काहीच माहीत नाही."

कल्पिताने तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर. मलापण तुमचं काही माहीत नाही. सर्व्हेवालीने ऐकलेलं आत्याला सांगता येत नाही."

जागृतीचा आवाज लहान झाला. "मग हितेशचं?"

"अगं, ती गोष्ट वेगळीच आहे." कल्पिता टपरीच्या बाकड्यावर टेकली. "आमची हेमाली आठवडाभर रडतेय. मुलगा आवडलाय. पण तुझ्या दिरांनी सांगून ठेवलंय ना, एकोणीस माणसं, एक चूल! ती म्हणते, आत्या, मी नोकरीवरून येऊन एकोणीस जणांच्या भाकऱ्या थापू? हितेशला विचारायची लाज वाटते तिला. परवा नाही म्हणायचं ठरलंच होतं."

जागृती उभीच राहिली. ज्या वाक्यावर दादांनी छाती फुगवली होती, तेच वाक्य स्थळ मोडायला निघालं होतं, आणि ते वाक्य वाचवायला अख्ख्या घराने सकाळपासून सिलिंडर वाहिले होते.

"मग तिला चार चुलींचं सांग की!"

"सांगणार कशी? शपथ आहे."

रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न मारला. मग जागृतीचे डोळे चमकले.

"तू जेवलीस ना आमच्याकडे?"

"पोटभर."

"ते टॅबमध्ये आहे?"

"जेवण कशाला टॅबमध्ये?"

"कालवणं किती होती पानात?"

"चार." कल्पिता बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पसरलं. "आणि चारीची चव वेगळी. एक तिखट, एक आंबट, एकात खोबरं जास्त..."

"आणि एक अळणी. ते माझं."

"एका हाताचं जेवण नव्हतंच ते! हे तर आत्याच्या जिभेला कळलं. सर्व्हेवालीने काही विचारलंच नाही." ती रिक्षात चढली. "ए, ठाकुर्ली स्टेशन. लवकर."

संध्याकाळी दिवेलागणीला केण्यांचा फोन आला. सुपारी कधी फोडायची, हाच प्रश्न होता. गोमाजीदादांनी फोनवरच सवयीने सुरुवात केली, "आमचं एकत्र कुटुंब, एकोणीस माणसं..." जागृतीने जिन्यातून असे डोळे वटारले की त्यांनी पुढचं गिळलं आणि म्हणाले, "...आणि चार चुली. पोरीला हव्या त्या मजल्यावर जेवू दे."

हितेश गच्चीवरून सिलिंडर खांद्यावर घेऊन, हसत हसत, एकेक मजला उतरला.

सुपारी फुटली तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना आपापला सोयरिकीचा आकडा पुन्हा एकदा मोठ्या आवाजात सांगितला, आणि कुणीच विश्वास ठेवला नाही, त्यामुळे सगळे समाधानी होते. खरे आकडे त्या मांडवात दोघींनाच माहीत होते. त्या शेजारी शेजारी बसून पापड मोडत होत्या. दोन्ही घरं कमाईच्या रांगेत एकमेकांपासून फार लांब नव्हती. पुढे कोण उभं होतं, ते मात्र त्यांनी एकमेकींनासुद्धा सांगितलं नाही.

सखुबाईंनी हार मानली नव्हती. पुढच्या सोमवारी त्या वार म्हणून दुसऱ्या मजल्यावर आल्या, त्या रिकाम्या हाताने नाही. हातात झाकलेलं पातेलं होतं. झाकण उघडलं तर आत जिताडा मासा, आणि जिताड्याचं डोकं. हे डोकं सखुबाई आजवर फक्त स्वतः खात आल्या होत्या. नवऱ्यालाही त्यांनी ते कधी दिलं नव्हतं.

त्यांनी डोकं उचलून जागृतीच्या ताटात वाढलं, समोर मांडी घालून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता सांग बाय. त्यांचं जास्त का आमचं?"

जागृतीने डोकं फोडलं. आतला मऊ गर बोटाने काढून खाल्ला. डोळे मिटले. प्रितमही जेवायचा थांबून बघत राहिला.

"आई," ती शेवटी म्हणाली.

"हां, बोल."

"मीठ अगदी बरोबर पडलंय."